डावी बाजू

घरात कुणीही आलं, की आजोबा आधी त्याच्या मानेकडे बघायचे. "मान ताठ ठेव," म्हणायचे. एसी दुरुस्त करायला आलेला माणूसही त्यातून सुटला नव्हता. मी तर व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट. मला ते रोजच ऐकावं लागे.

कुवेतमध्ये मी राहायची खैतान भागात, तिथून त्यांच्याकडे रुमैथियाला जायची. नव्वदी ओलांडलेला वेल्श माणूस, इथल्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीजवळ राहणारा. 'आजोबा'चा अर्थ कळल्यापासून मी चुकून 'सर' म्हटलं तर ओ द्यायचे नाहीत. असे हट्टी म्हातारे तुम्हीही पाहिले असतील.

तरुणपणी ते देशाकडून रग्बी खेळले होते, हे मला मुलीनं सांगितलं. त्या खेळात आठ-आठ जण एकमेकांना घट्ट धरून, माना खाली घालून समोरच्यांना रेटतात. आजोबा पहिल्या रांगेत मधोमध. डावीकडे त्यांच्याच गावचा बालमित्र. दोघांची निवड एकदमच झाली, तेव्हा गावानं बँड लावून मिरवणूक काढली होती.

पुढे एका पावसाळी सामन्यात तो सगळा ढीग कोसळला. मित्राची मान मोडली. तो वाचला नाही.

आजोबा खेळ सोडणार होते. पण मित्राचे वडील घरी येऊन म्हणाले, "त्याच्या वाटचंही तूच खेळ." म्हणून ते पुन्हा उतरले. डावीकडे नवा गडी होता, पण बरगड्यांवर हात जाणवायचा तो जुनाच. प्रत्येक सामन्यात. सांगणार कुणाला? मोसम संपताच त्यांनी तेलकंपनीत नोकरी धरली आणि कुवेत गाठलं. इथं निदान चिखल तरी नाही, म्हणायचे.

"मग इथं आल्यावर तो हात गेला?" मी एकदा विचारलं.

ते हसले. "नाही. पण त्यालाही फार उकडतं."

ते वारले, त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. त्यांचा डावा पाय अधू होता, म्हणून मी नेहमीप्रमाणे त्या बाजूनं आधार द्यायला गेले. त्यांनी मला हळूच दूर केलं.

"उजवीकडे ये. इकडे तो आहे."

मी उजवा दंड धरला. त्यांनी डावा हात कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा टाकला आणि चालू लागले. सगळा भार डावीकडे. माझ्या हातात त्यांचं वजनच येईना. इतका कललेला माणूस पडतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आजोबा पडले नाहीत.

मुलगी चहा घेऊन दारात उभी होती. ती बाजूला सरकली, तिघांना जाता येईल इतकी.