राखेतलं करवतकाठी

गोळीबार चौकामागच्या गल्लीत कुसुमताईशी वाद घालायला कोणी धजत नाही. बाई सत्तरीची, हृदयाची झडप निकामी, चार पायऱ्या चढली की धाप लागते, पण तोंड? देवा रे देवा! पन्नास वर्षं तिनं हातमागावर करवतकाठी लुगडी विणली, काठाला करवतीच्या दातांची नक्षी असलेली. नक्षी कधी कागदावर काढली नाही. सगळी डोक्यात.

नवरा गेल्यावर ती येशूच्या प्रार्थनेला जायला लागली. साऱ्या कोष्टी गोतावळ्यानं नाकं मुरडली, बाई बधली नाही. उद्या तिचं ऑपरेशन होतं, आणि आज तिला मुलाकडून, हेमराजकडून, एकच शब्द हवा होता. काही बरंवाईट झालं तर मला जाळायचं नाही, पुरायचं. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा आपण धड असावं. त्यासाठी तिनं मागं कधीतरी एक पांढरं करवतकाठी स्वतःच्या हातानं विणून पेटीत ठेवलं होतं.

बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर असलेला हेमराज तोंड उघडणार, तोच तिचे दीर मारोतराव मधे बोलले.

"वहिनी, मेलेलं माणूस उठते काय कधी? माती झाली का झाली. काही पुरावा?"

"पुरावा पाहिजे? घ्या! तुमच्या लग्नातलं देवकीचं लुगडं आठवते काय, भाऊजी?"

देवकी म्हणजे मारोतरावांची बायको. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात चुलीची ठिणगी उडून तिचं लुगडं जळलं होतं आणि बिचारीनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी कुसुमताईनं पुन्हा विणून दिलं.

"एक धागा तरी उरला होता काय त्याचा? नुसती राख. तरी देवकी काय म्हणाली? 'हेच माहं लुगडं!' काहून? काठ माह्या ध्यानात होता."

"ते दुसरं होतं, वहिनी. नक्कल."

"हो? मग तुम्ही कोण? आपली नात रुचिका कॉलेजात शिकून राहिली, तिनं सांगतलं का अंगातलं रगत चार महिन्यांत सारं बदलते. लग्नातल्या रगताचा थेंब नाही तुमच्यात. म्हणजे देवकी नकली नवऱ्यासंग नांदून राहिली काय?"

स्वयंपाकघरात देवकी खो-खो हसली. मारोतराव लालबुंद झाले.

"सूत बदलते भाऊजी, माणूस नाही बदलत. माह्यासारख्या अडाणी बाईले एक काठ ध्यानात राहते, अन् ज्यानं तुम्हाले घडवलं त्याले तुम्ही राहणार नाही?"

मारोतरावांनी पानाचा डबा जवळ ओढला. कुसुमताई मुलाकडं वळली. "आता दे शब्द."

"आई, राखेतून माणूस उभा कराले जमते न देवाले?"

"जमते! हजारदा जमते!"

"मग पुरायचा हट्ट काहून?" हेमराज खाली बघत म्हणाला. "बाबाले तर आपण जाळलं. पुरल्याशिवाय कोणी उठत नसन, तर बाबा?"

प्रार्थनेतल्या एका बाईनं कुसुमताईला एकदा हळूच म्हटलं होतं, जाळलेल्यांचं काही सांगता येत नाही. त्या दिवशी घरी येऊन ती नळ सोडून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, पोटभर रडली होती. त्यानंतर हा प्रश्न तिनं जवळ फिरकू दिला नव्हता. आताही म्हणता आलं असतं, बाबाची गोष्ट वेगळी. पण वादात लबाडी तिला कधी जमली नाही.

ती ताडकन उठली. धापा टाकत पेटी उघडली, ते पांढरं लुगडं काढून हेमराजच्या मांडीवर आपटलं.

"जाळ मले! गंगाबाई घाटावर, तुह्या बाबाले जाळलं तिथंच. प्रार्थनेतलं कोणी विचारलं तर सांगजो, हिचा देव राखेले भीत नाही. उठीन तर तुह्या बाबासंगच उठीन."

हेमराजनं लुगड्याची घडी सारखी केली. "अन् हे लुगडं?"

"नेसवून जाळ. विणणाऱ्याले काठ पाठ आहे."