शर्ट माझा, हात कारकुनाचा

"शर्ट काढ."

पर्सोनेल साहेब एवढंच म्हणाले. रागाने नाही. खुर्ची सरकव म्हणतात ना, तसं.

सातपूरच्या आमच्या कारखान्याचं ऑफिस. एसी चालू. फोटोवाला स्टँडवर कॅमेरा लावून उभा. कंपनीच्या वेबसाईटवर नवं पान टाकायचं होतं, 'मालक-कामगार भागीदारी'. त्यासाठी फोटो हवा होता. साहेबांचा हात आणि कामगाराचा हात, एकमेकांत. कामगार म्हणून मला बोलावलेलं. मी रॉकेल आणि लाकडाचा भुसा घेऊन तीनदा हात धुऊन आलो होतो. पण पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर पाच वर्षं काढली की तेल नखांच्या कडेला बसतं. ते निघत नाही.

साहेबांनी माझा हात हातात घेतला नाही. लांबूनच बघितला.

"अरे, नखं बघा ह्याची. फॉरेनवाले बघणार आहेत हे पान." मग टाइम ऑफिसात हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाला म्हणाले, "तू ये रे. तुझे हात चालतील. ह्याचा शर्ट घाल."

मी शर्ट काढला. निळा शर्ट, खिशावर माझा टोकन नंबर. कारकुनाने तो दोन बोटांत धरून झटकला आणि अंगात चढवला. मी भोकं पडलेल्या बनियनवर भिंतीशी उभा. टेलिफोनवरच्या बाई मान खाली घालून रजिस्टर चाळत होत्या. फोटोवाला म्हणाला, "काय हिरो, बनियनची पण जाहिरात करू का?"

सगळे हसले.

मी पण हसलो. शर्ट गेल्याचं सोडा, ते माझं हसणं मला अजून खुपतं.

मी बी.कॉम. आहे. हे मुद्दाम लिहितोय. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आई पंचवटीत झेंडूचे हार विकायची. सकाळी कॉलेज, दुपारपासून प्रेस. असा मी पदवीधर झालो. फोटोच्याच आठवड्यात साहेबांनी मला भागीदारी समितीवर कामगारांचा प्रतिनिधी केलं होतं. निवडून नाही. बोर्डावर नोटीस लावून. परदेशातल्या एका संस्थेने इंटरनेटवर हे सगळं फुकट ठेवलं होतं. मालक आणि कामगारांनी मिळून कारखाना कसा चालवावा, समिती कशी करावी, कोरे फॉर्मसुद्धा. साहेबांनी त्यातलं हवं तेवढं छापून घेतलं. माल घेणाऱ्या फॉरेनच्या कंपनीला दाखवायला.

"तू ग्रॅज्युएट आहेस, तुला कळतं," साहेब मला म्हणाले होते. "बाकीच्यांना काय कळणार?"

मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. मी घरी पेढे नेले होते.

फोटोचं आईला सांगितलं, तेव्हा तिने हाराची सुई थांबवली नाही. म्हणाली, "सदरा त्यांनी मागितला, तू काढून दिला. मंग पेढं कशाचं वाटलं रे?"



दीड महिन्याने दामूची दोन बोटं गेली.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. म्हणजे एकही हात आत राहू नये. पण त्यात वेळ जातो. म्हणून एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने कायमचं दाबून बांधायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवत राहायचं. शिफ्ट सुरू झाली की सुपरवायझर स्वतः पट्ट्या वाटायचा. साहेब रोज तिथून जायचे. आम्हाला पण सोयीचं होतं. टार्गेट लवकर संपायचं, चहाला बसता यायचं. पाच वर्षं मी पट्टी बांधली.

त्या दिवशीही बांधली. मग मला समितीच्या मीटिंगला बोलावलं आणि माझ्या मशीनवर दामूला बसवलं. दामू पेठ तालुक्यातला, हसरा पोरगा. मीटिंगमध्ये बिस्किटं होती. मी तिसरं बिस्किट उचललं, तेव्हा मशीनच्या शेडमधून ओरडणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. 'संयुक्त अपघात चौकशी.' कारणाच्या रकान्यात आधीच टाईप केलेलं होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' खाली साहेबांची सही. शेजारची जागा माझी.

"कर सही."

"पट्टीचं लिहिलं नाही, साहेब."

"कुठली पट्टी?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या मशीनला बांधली कुणी होती? लिहायचं का ते?"

मी फॉर्म उचलला. म्हटलं, "वाचून उद्या देतो."

"वाच, वाच. भागीदार आहेस तू."

फॉर्मच्या तळाशी त्या परदेशी वेबसाईटचा पत्ता बारीक अक्षरात होता. नाशिक रोडच्या सायबर कॅफेत गेलो. मांडीवर डिक्शनरी. पान ओळीओळीने उतरत होतं. साहेबांनी न छापलेला भाग तिथे होता. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनीच गुप्त मतदानाने निवडावा. अपघात झाला तर दोघांनी मिळून आधी मशीन बघावं, कामाची पद्धत बघावी, ती कुणी पाडली ते विचारावं. माणसाची चूक त्यानंतर.

मग आमच्या कंपनीचं पान उघडलं. माझा शर्ट. माझा नंबर. बाहीतून बाहेर आलेला गोरा, स्वच्छ हात. खाली लिहिलेलं, 'येथे प्रत्येक हात भागीदार.'

सकाळी दवाखान्यात गेलो. दामूला सांगितलं, पट्टी माझी होती.

"माहीत हाय," तो म्हणाला. "मी बी बांधतोच की. पन लिहून दे भाऊ. नायतर चूक माझीच म्हनून घरी धाडतील मला."

चहाच्या सुट्टीत गेटसमोरच्या टपरीवर बसून मी ते टाईप केलेलं कारण खोडलं. लिहिलं: 'एक बटण पट्टीने बांधलेले होते. पट्ट्या सुपरवायझर वाटतो. साहेबांना माहीत आहे. त्या दिवशीची पट्टी मी बांधली.' सही केली. झेरॉक्स काढली. हात न धुता ऑफिसात गेलो. कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उठला होता, तसाच दिला.

साहेबांनी वाचला. फाडला.

"ग्रॅज्युएट होऊन हीच अक्कल? स्वतःच्याच गळ्यात फास घातलास."

"झेरॉक्स आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

आठवड्याच्या आत मला गेटवर अडवलं. दामूलाही काढलं. आता प्रकरण लेबर ऑफिसात आहे. कंपनीचा वकील म्हणतो, पट्टी कधी नव्हतीच. आई म्हणते, फुलं विकून दोघं जगू, तू मागं फिरू नको.

त्या पानावर अजून माझा शर्ट आहे. मी तो परत मागणार नाही. पण प्रत्येक तारखेला जाईन. दामूला शेजारी बसवीन, त्याचा हात टेबलावर ठेवायला सांगेन. माझाही ठेवीन, नखांसकट. आधी सांगेन, पट्टी मी बांधली. मग सांगेन, ती माझ्या हातात कुणी दिली.