लसीवर राग न धरणाऱ्या ताई

सिंगापूरमधल्या यिशुनला आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई दर वाक्याला ‘बरं का’ जोडतात. त्यांच्या लेकीच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष आहे. क्षयरोगापासून वाचवणारी बीसीजीची लस टोचली, तर तिच्यातले दुबळे केलेले जिवंत जंतूच तिच्या अंगात पसरले आणि ती मरता मरता वाचली. आता ती शाळेत जाते, औषधं मात्र चालूच आहेत.

माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा ती घाबरून म्हणाली, “ताई, आम्ही ती लस नकोच म्हणणार.”

“असं करू नकोस, बरं का. दोष आमच्या रक्तात होता, लसीत नाही. तुमच्या घराण्यात कुणाचं तान्हं बाळ असं आजारी पडलंय का, ते डॉक्टरांना सांग आणि तसं काही नसेल तर खुशाल लस दे.”

आमच्या मुलाला सुई टोचली तेव्हा ताई हॉस्पिटलमध्ये आमच्याजवळ होत्या. त्यांनी तोंड फिरवलं, पण बायकोचा हात सोडला नाही.