पहिल्या लेनमधली उडी

विजयश्री पोहायला शिकली ती चाकणजवळच्या त्यांच्या विहिरीत. वडिलांनी, साहेबरावांनी, तिच्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि पाण्यात सोडलं. पुढे डबा सुटला. मग बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणायचा, हा बापलेकीचा खेळ झाला. दोघं बरोबरच खाली जायची.

ती आठवीत असताना जमीन कंपनीसाठी गेली. मुरूम टाकून विहीर बुजवली. साहेबराव त्याच कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. नदीत कुणी बुडालं की गाव मात्र अजूनही त्यांनाच बोलावतं. जिवंत माणूस त्यांच्या हाती क्वचितच लागला.

चिंचवडच्या कॉलेजात पोहणं शिकवणाऱ्या समाधान सरांनी विजूला पाण्यात पाहिलं. हात बेताचे, पण दम दांडगा. त्यांनी तिला बॅकस्ट्रोक दिला. भिंतीला रेटा देऊन उताणं पाण्याखाली शिरायचं आणि पाय मारत पंधरा मीटरच्या लाल खुणेपर्यंत खालीच राहायचं. बाकीच्या मुली आधीच वर येत. विजूची आघाडी तिथंच होई.

साहेबरावांनी तिची एकही शर्यत पाहिली नव्हती. शिफ्ट आडवी यायची. विद्यापीठ संघाच्या निवडीला त्यांनी रजा टाकली. विजूचं शेवटचं वर्ष होतं, आणि पहिल्या दोघींनाच संघात घेणार होते. तिला काठालगतची पहिली लेन मिळाली. साहेबराव तिथंच येऊन उभे राहिले.

इशारा झाला. मुली पाण्याखाली गेल्या. एकेक डोकं वर आलं. विजूचं आलं नाही. साहेबरावांनी चपलांसकट उडी टाकली.

विजू वर आली ती त्यांच्या छातीवर आदळूनच. तिच्या काखेत हात घालून ते तिला काठाकडे ओढू लागले. गॅलरीत हशा पिकला. "काका, लाइफगार्डची जागा रिकामी आहे," कुणीतरी म्हणालं.

पंचांनी बराच वेळ विचार केला. इतर मुलींच्या वेळा कायम राहतील, विजूनं एकटीनं पुन्हा पोहावं, असं ठरलं. समाधान सरांनी साहेबरावांना बाहेर थांबायला सांगितलं. ते निघाले.

विजू चिडणार असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं होतं. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. जाता जाता ते वळून पाण्याकडेच बघत होते, ती अजून खालीच असल्यासारखे. विहिरीत ते कायम तिच्यासोबत पाण्यात असायचे. काठावर उभं राहून तिची वाट बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"अण्णा, ती लाल खूण दिसते ना? मी तिथं वर येणार. त्याच्या आधी नाही."

"लवकर याया जमत न्हाई का?"

"जमतं. पण मग संघात जायचं जमत नाही."

विजूनं सरांना सांगितलं, अण्णा इथंच थांबतील.

पुन्हा इशारा झाला. उताणं पाण्याखाली असलं की वरचं दिसतं. ओल्या कपड्यांतले अण्णा काठानं तिच्याबरोबर चालत होते, वाकलेले. मध्येच त्यांचा हात पाण्याकडे आला. वर यावं, असं तिला अगदी आतून वाटलं. ती आली नाही. खूण आली, तेव्हा आली.

वेळा फलकावर लागल्या तेव्हा ती दुसरी होती, थोडक्यात.

संघाची स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. अण्णा, येणार ना, तिनं विचारलं. साहेबराव शर्ट पिळत होते.

"न्हाई गं पोरी. झालं की फोन कर. जिंकलीस का हरलीस ते मागनं सांग. वर आलीस, ते आदी सांग."