बोलावण्याचं कडवं

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाच्या हाती पडली तर सांभाळून घ्यावं.

जयगडला बंदरावर वादळाचा बावटा चढला होता आणि माझे यजमान व दीर ज्या लाँचवर होते ती अजून दर्यातच होती. फोन लागत नव्हता. त्याच संध्याकाळी टीव्हीवर एका मालिकेचा शेवटचा भाग होता आणि त्याच्या शेवटी माझं गाणं होतं. मला त्या गाण्याचीही धास्ती होती.

मी शूटिंगच्या युनिटला जेवण करून देते. युनिट म्हणजे कॅमेऱ्यामागची सगळी माणसं. उन्हाळ्यात खाडीकाठच्या एका घरात त्यांचं काम चाललं होतं. कोलंबी सोलताना मी गौरीच्या पाठवणीचं गाणं पुटपुटत होते, ते दिग्दर्शकाने ऐकलं. माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. म्हणून त्याने एका खोलीत आवाज घुमू नये यासाठी गोधड्या टांगल्या, मला एकटीला बसवलं आणि रेकॉर्डिंग केलं.

पुढे त्याने मला क्लोजिंग सीन दाखवला. म्हणजे भागाचा शेवटचा प्रसंग. बोलणं संपत आलं की गाणं खालून हळू येतं. मग बोलणं थांबतं, गाणं चढतं, नुसते चेहरे दिसतात. नंतर काळ्या पडद्यावर काम करणाऱ्यांची नावं सरकतात, ती क्रेडिट्स. या सीनमध्ये मुलगी होडीतून निघते, आई धक्क्यावर उभी. होडी लांब गेली आणि गाणं तिथंच तुटलं.

"शेवटचं बोलावण्याचं कडवं कुठं गेलं?"

"कापलं, मावशी. बोलावणं ऐकलं की माणसाला बरं वाटतं. मला तो रडत उठायला हवाय."

आमच्या वाडीत गौर पाण्यात सोडली की तिला परत बोलावल्याशिवाय कुणी पाठ फिरवत नाही. बोलावणं राहिलं तर गेलेलं माणूस येत नाही, असं सासूबाई सांगायच्या. दर्यावर माणसं असलेल्या घरात हे कुणी हसण्यावारी नेत नाही.

"मावशी, ही मालिका आहे. खरी गौर नाही."

"गाणं खरं आहे," मी कसंबसं म्हटलं.

"बरं, क्रेडिट्सवर टाकतो ते कडवं. चालेल?"

"चालेल."

बावटा चढला त्या संध्याकाळी जावेच्या घरी टीव्हीसमोर वाडीतल्या बायका जमल्या.

"काय गो, गाणं टीव्हीवर आलं तरी तोंड सुकलेलंच? उद्या आम्हाला ओळख तरी दाखवशील ना?" जाऊ म्हणाली. तिचाही नवरा त्याच लाँचवर. पण ती तोंडाने धीट.

"लाँचचं काही कळलं?"

"येतील गो. बावटा काय आज पहिल्यांदा बघतेस?" म्हणाली खरं, पण फोन तिने हातातून खाली ठेवला नव्हता.

गाणं चढलं. बायका डोळे पुसू लागल्या. होडी लांब गेली, गाणं तुटलं, पडदा काळा झाला. दोन नावं सरकली. मी कडव्याची वाट बघत होते. आणि साबणाची जाहिरात लागली. चॅनेलला जाहिरातीसाठी वेळ हवा असतो, म्हणून क्रेडिट्स मध्येच तोडतात, हे मला नंतर कळलं.

बायका उठायला लागल्या.

"कुणी उठू नका," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. दर्याकडच्या दाराकडे तोंड करून मी उभी राहिले.

"गेलीस गो गवरी पाण्याच्या वाटेनं, ये गो परतून त्याच वाटेनं..."

कुणीतरी मागे हसलं. तेवढ्यात जावेने टीव्हीचा आवाज बंद केला, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पुढची ओळ उचलली. तिचा आवाज माझ्याहून जास्त कापत होता. मग सगळ्याच जणी म्हणू लागल्या. कडवं पुरं झाल्यावरच आम्ही पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. लाँच दाभोळच्या खाडीत आसऱ्याला शिरली होती. सगळे सुखरूप होते. बावटा उतरल्यावर घरी आले.

"काय, दिसलीस का टीव्हीवर?" यजमानांनी जेवताना विचारलं.

"नुसता आवाज होता. गाणंसुद्धा अर्धंच."

"मग उरलेलं?"

"इथं म्हटलं," मी म्हणाले आणि भात वाढला.

अजूनही शूटिंगवाले कधीकधी गाणं मागतात. पैसे किती ते मी नंतर विचारते. आधी विचारते, कुठं कापणार? क्रेडिट्सवर टाकतो म्हणाले की सरळ नको सांगते.