टीव्ही बंद करून दिलेली नानकटाई

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मैत्रिणींनी घरचं तूप-मैदा नेऊन गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत नानकटाई भाजून घेतली आणि महिला मंडळाच्या काकूंबरोबर निराधार मुलींच्या वसतिगृहात वाटायला गेलो. तिथे टीव्हीवर कबड्डीची फायनल रंगली होती. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटची चढाई बाकी. काकूंनी सरळ टीव्ही बंद केला.

"चला, रांगेत या!"

पुढची मुलगी म्हणाली, "एवढी चढाई बघू द्या ना, काकू. खाऊ काय पळून जातोय?"

"बघ, यांना कदरच नाही," काकू मला म्हणाल्या.

कदर? फायनल चालू असताना माझी आई ताट गुपचूप माझ्यासमोर ठेवते, टीव्हीला हात लावत नाही. मग देणारे दारात आले की घेणाऱ्यांनी ज्यात जीव अडकलाय ते सगळं सोडून उभं राहायचं, हा नियम कोणी केला? आणि मीसुद्धा डबा धरून गप्पच राहिले, याची जास्त चीड येते.

वाटून झाल्यावर मी टीव्ही लावला. मुलींचा आवडता संघ मैदानात नाचत होता. खोलीत एकही मुलगी ओरडली नाही. मघाचीच मुलगी हातातली नानकटाई तशीच धरून म्हणाली, "शेवटची चढाई कोणी केली, ताई?"