मोठे टायर, त्रेचाळीस दात

गॅरेजात ऑइल बदलताना गाडीखाली पत्र्याचा ट्रे सरकवतात. रोज पुसला तरी आठवड्याने त्याच्या तळाला काळा गाळ बसलेलाच असतो. कुठला थेंब कुठल्या गाडीचा, कोणी सांगू शकत नाही. गॅरेजमधल्या गोष्टी तशाच साठतात. माझ्याकडचा बराचसा गाळ मात्र एकाच जीपचा आहे.

नव्वदच्या दशकात जालन्याला अंबड रोडवर रज्जाकचाचांचं जीपचं गॅरेज होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आले आणि चाचांनी मला ठेवून घेतलं, ते बिलं लिहायला. पाना हातात घ्यायची माझी फार इच्छा. पण दार जोरात लागलं तरी दचकणारी मुलगी जीपखाली काय जाणार, असं सगळ्यांचं मत. माझंही थोडंफार तेच होतं.

पहिल्याच आठवड्यात दगडू मिस्त्री नवा टायर रिमवर चढवून हवा भरत होता. टायरची कड रिममध्ये बसताना असा काही बार झाला, की मी बिलबुक टाकून थेट रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यामागे!

दगडू पलीकडून ओरडला, "या मॅडम, या. फुटला न्हाई, बसला. फुटला असता तर मी तुम्हाला बोलवायला राह्यलो नसतो."

चहावाल्याने न मागता अर्धा कप दिला.

*

ज्या टायरने मला पळवलं, तो केदारखेड्याच्या बाबासाहेबांच्या जीपचा होता. बाबासाहेब कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट करायचे. पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चरांत त्यांच्या जीपचं पोट टेकायचं आणि चारही चाकं अधांतरी फिरायची. म्हणून त्यांनी मोठे टायर घातले. जीप दिसायला एकदम पाटील झाली.

आठवड्याने परत आले.

"चाचा, पोट टेकत न्हाई आता. पण ओढतबी न्हाई. चढ आला की खोकून राह्यली."

कोणी म्हणालं डिझेल पंप, कोणी म्हणालं क्लच. मी बिलाच्या टेबलावरून, आवाज शक्य तितका बारीक ठेवून म्हणाले, "टायर मोठा झाला की एका फेरीत जास्त जमीन कापावी लागते. इंजिन तेच आहे. आक्सलमधला गिअर बदलायला पाहिजे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा वाटलं, पुन्हा चहाच्या गाड्यामागे जावं.

बाबासाहेब मात्र विचार करून म्हणाले, "म्हंजे ढांगा लांब झाल्या अन् जीव तेवढाच राह्यला."

इतकं चांगलं आमच्या सरांनाही कधी सांगता आलं नव्हतं.

त्यांची दुसरी बातमी आनंदाची होती. "एक फायदा झाला. आमचं गाव जालन्याच्या जवळ आलं. मीटरमधी किलोमीटर कमी पडून राह्यले."

मोठं चाक कमी फेऱ्यांत पोचतं आणि मीटर फेऱ्याच मोजतो, हे मी सांगणार होते. चाचा त्याआधीच म्हणाले, "टायर काढा, परत लांब जाईल."

*

नवा गिअर निवडायचा तर आधी जुना कोणता ते कळायला हवं. आक्सलचं झाकण न उघडता ते बघायची एक रीत आहे. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, गाडी न्यूट्रलला, आणि चाक हाताने फिरवून मधला लांब प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं. चाचांनी खडूची खूण केली, दगडूने चाक एकदा फिरवलं.

"अडीचला जरा कमी," चाचा म्हणाले. "ये तो रेस की गाडी निकली."

हा आकडा लहान असला की गाडी जास्त पळते. बाबासाहेबांनी छाती पुढे काढली.

"एक चाक जमिनीवर अडलंय," मी म्हणाले. "म्हणून हे चाक दोनदा फिरवायचं. मग खरा आकडा."

"दोनदा फिरवलं तर डबलच येनार ना," दगडू म्हणाला. "मंग आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत फिरवू की."

पण मी म्हणाले, झाकण उघडा आणि दात मोजा. उघडलं. छोट्या चक्राला, पिनियनला आठ, मोठ्याला, क्राऊनला एकोणचाळीस. म्हणजे एकाला पाच, जरासा कमी. अडीचच्या दुप्पट.

बाबासाहेबांनी छाती आत घेतली.

*

टायर उंचीला सातव्या हिश्शाने वाढला होता, म्हणजे क्राऊनचे दातही साधारण तेवढ्याच हिश्शाने वाढायला हवे होते. हिशेबाने चव्वेचाळीस-पंचेचाळीस आले. बाजारात त्याच्या जवळचा मिळत होता त्रेचाळीसचा.

"बघ बेटी," चाचा म्हणाले, "सेट उघडला की दुकानदार परत घेत न्हाई. चालला, तर आजपासून गिअरचं काम तुझं. न्हाई चालला, तर बिलं लिही अन् मला तोंडातून आवाज नक्को."

मी हो म्हणाले, आणि नंतर बराच वेळ पाणी पीत बसले.

सेट आणायला औरंगाबादला मलाच पाठवलं. दुकानदाराने समोर दोन डबे ठेवले. "ताई, मोठ्या टायरला हा हायवेचा सेट न्या. गाडी पळते."

"तिला पळायचं नाहीये, चढायचंय. त्रेचाळीसवाला द्या."

"जरा मिस्त्रीला विचारून घ्या ना. फोन लावू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री मीच आहे."

आपल्याच आवाजाने माणूस दचकू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदारही दचकला असावा. डबा त्याने स्वतः रिक्षात आणून ठेवला.

*

जीपला चारही चाकांनी ओढायचं असेल तर पुढच्या आक्सललाही तोच गिअर लागतो. हे मी तीनदा सांगितलं. पण मागचा सेट बसला त्या दिवशी बाबासाहेबांना लग्नाला जायची घाई.

"पुढची चाकं काय, वळायपुरती असतात. ती नंतर करू."

"मग चार चाकांचा दांडा ओढू नका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, जीप मांडवासमोर उभी आहे, हलत नाही. आम्ही गेलो. चिखल बघून बाबासाहेबांनी दांडा ओढला होता, आणि पुढे डांबरी लागली तरी तो तसाच होता. पुढच्या चाकांचा हिशेब वेगळा, मागच्यांचा वेगळा. एकमेकांना ओढून ओढून गाडी आवळली होती. दांडा कोणाच्याच हाताने सुटेना. नवरदेव जीपच्या मागे अडकलेला, वाजंत्री थांबलेली.

मी घाबरत म्हणाले, "थोडी मागे घ्या."

नवरदेवाला बाजूला केलं. जीप हातभर मागे गेली, दांडा खट्कन सुटला, मी किंचाळले, आणि वाजंत्रीवाल्यांना तो इशारा वाटून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

बाबासाहेब घाम पुसत म्हणाले, "पुढचे एक म्हणतात, मागचे दुसरं. आमच्या घरातबी तसंच आहे. पण घर कधी असं बंद पडत न्हाई."

पुढचा सेट त्याच आठवड्यात बसला.

*

खरी परीक्षा क्रॉसिंगच्या हंगामात होती. बियाण्याच्या कपाशीत बाया आदल्या संध्याकाळी कळ्या सोलून ठेवतात आणि सकाळी एकेका फुलावर दुसरं फूल टेकवतात. ऊन चढलं की त्या कळ्या गेल्या. बाबासाहेबांचा प्लॉट नाल्यापलीकडच्या चढावर, आणि पावसाने काळी माती अशी झालेली, की आदल्या दिवशी बाया वर पोचेपर्यंत निम्मी फुलं वाया गेली होती.

चाचांचा नियम होता, आक्सलमध्ये ज्याचा हात गेला त्याने ट्रायलला गाडीत बसायचं. म्हणून पुढे बाबासाहेब आणि मी, मागे चाचा, दगडू आणि दाटीवाटीने क्रॉसिंगच्या बाया. चढाच्या पायथ्याला एक ट्रॅक्टर मोठ्या चाकांसकट रुतून बसलेला.

पायथा आला की जीपमधून उतरून चालायचं, ही बायांची सवयच. मुकादम चंद्रभागाबाई तर गाडी थांबायच्या आधीच उतरल्या, चपला हातात घेऊन. बाकीच्याही पदर खोचायला लागल्या.

"उतरू नका," मी म्हणाले. "बसून राहा सगळ्या."

"मॅडम, एवढ्या लोडवर?" बाबासाहेबांनी विचारलं.

"एवढ्याच लोडवर. लो गिअर, चारही चाकं, पहिला. ॲक्सिलेटर दाबू नका, तिचं तिला चढू द्या."

जीप निघाली. मी डोळे मिटून घेतले. इंजिनचा आवाज ऐकत होते. तो ना वाढला, ना पडला. खोकला नाही. मधेच एकदा चाक घसरलं, मी बाबासाहेबांचा दंड पकडला, चाकाने माती पकडली, आणि जीप तशीच संथ वर सरकत राहिली.

कानाशी चंद्रभागाबाईंचा आवाज आला, तेव्हा मी डोळे उघडले. बाई जीपला लागून पायी चालत होत्या. आतल्या बायांशी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलणं चाललेलं. अख्खा चढ त्या तशा बोलत आल्या, एकही वाक्य अर्धं न सोडता.

वर पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बाया भराभरा उतरून ओळींत शिरल्या. मागून चाचा म्हणाले, "दगडू, उद्यापासून बिलं तू लिही."

"मला लिहिता येत न्हाई, चाचा."

"मंग शिक. मिस्त्रीला टाइम न्हाई."

बाबासाहेब जीपच्या पायरीवर उभे राहून खालच्या ट्रॅक्टरकडे बघत होते. मग अभिमानाने चंद्रभागाबाईंकडे वळले. "काय मावशी, कशी वाटली गाडी?"

बाईंनी चपला खाली टाकल्या, पायात घातल्या, जीपकडे टायरपासून टपापर्यंत एकदा नीट बघितलं.

"एवढाली चाकं लावली, अन् आली माझ्याच चालीनं."

"मंग?" बाबासाहेबांचा चेहरा पडला.

"मंग काय. उद्या बसते मी."